टोळ: नाही

बारावीच्या वर्गात ‘आंतरराष्ट्रीय संघटना’ हे प्रकरण आलं की दरवर्षी कोणीतरी हात वर करतो आणि विचारतो, “मॅडम, पण या संघटनांनी आजवर युद्ध कोणतं थांबवलं?” वर्ग हसतो. चांदूर बाजारच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवते. सुरुवातीला मी या प्रश्नावर चिडायचे. ‘समान हित, परस्परावलंबन, माहितीची देवाणघेवाण’ असं पाच गुणांचं उत्तर फळ्यावर उतरवून द्यायचे आणि पान उलटायचे. खरं सांगायचं तर त्या उत्तरावर माझाही विश्वास नव्हता. आता मी चिडत नाही. आता मी बाबांची गोष्ट सांगते.

माझे बाबा धर्मपाल तायडे. मूळचे वलगावचे. अकोल्याला शेतकीची पदविका केली आणि चोविसाव्या वर्षी केंद्र सरकारच्या टोळ नियंत्रण कार्यालयात लागले, ते थेट राजस्थानात, बाडमेरला. आजीला वाटलं, पोराला शिक्षा झाली. शेतकी शिकलेल्या माणसानं वाळूत काय करायचं? तर जीपमधून वाळवंट फिरायचं, टोळ आहेत का पाहायचं, आणि दर पंधरा दिवसांनी कागदावर लिहायचं. असले तर किती, कुठे, पंख फुटले का. नसले तर ‘टोळ: नाही’. तो कागद जोधपूरला जायचा, तिथून दिल्लीला, दिल्लीहून रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेकडे, आणि फिरून पाकिस्तान, इराण, अफगाणिस्तानात. भारत धरून या चार देशांचा टोळांसाठी एक आयोग साठच्या दशकापासून आहे. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या दोन देशांचे टोळ अधिकारी हंगामात महिन्यातून एकदा सीमेवर एका टेबलाशी बसतात. बाबा तिथे साहेबांच्या फायली घेऊन जायचे आणि मागच्या खुर्चीवर बसायचे.

एका पंधरवड्यात बाबांना ताप भरला. सीमेलगतच्या एका पट्ट्यात ते गेलेच नाहीत. खोलीत पांघरूण घेऊन बसल्या बसल्या त्यांनी लिहून टाकलं, ‘टोळ: नाही’. त्याच पट्ट्यात टोळांची पिल्लं निघाली होती. त्यांना पंख फुटले आणि ती पलीकडे उतरली. पुढच्या बैठकीत पलीकडच्या एका वयस्क अधिकाऱ्यांनी तो कागद टेबलावर ठेवला आणि शांतपणे विचारलं की हे कसं झालं. बाबांचे साहेब वाऱ्याबद्दल काहीतरी पुटपुटले. मागच्या खुर्चीवरून बाबा उभे राहिले. म्हणाले, “मैं गया नहीं था, साहब.”

नोकरी गेलीच असं त्यांना वाटलं. त्या म्हाताऱ्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, “बेटे, हम आपकी ज़मीन पर पैर नहीं रख सकते. वहाँ हम आपकी ही आँख से देखते हैं.” आणि खजुराची बशी त्यांच्याकडे सरकवली.

नोकरी राहिली, पण ते वाक्य बाबांना जन्मभर पुरलं. लग्नानंतर काही दिवसांनी ते वऱ्हाडात परत आले, राज्याच्या कृषी खात्यात कृषी सहायक झाले. आमच्या भागात म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही टोळधाड नुसती ऐकून माहीत. तरी दर महिन्याच्या एक आणि सोळा तारखेला बाबा सकाळी उठून जवळच्या शेतांना चक्कर मारायचे, झाडांची पानं उलटून पाहायचे आणि खिशातल्या डायरीत लिहायचे, ‘टोळ: नाही’. हा कागद कोणी मागितला नव्हता, आणि तो कुठे जाणारही नव्हता. न पाहता लिहायचं नाही, एवढा त्यांचा नेम. माझी आई मनकर्णा त्यांची भारी टर उडवायची. “पाह्यलं का? वाघ दिसला का?” असं फाटकातच विचारायची. मी लहान असताना मलाही वाटायचं की सगळ्यांचे बाबा एक आणि सोळा तारखेला हेच करतात.

आई एकुलती एक. तिच्या वडिलांमागे तिच्याकडे तीन एकर शेत आलं. ते बोरझरीला, अमरावती जिल्ह्याच्या अगदी काठावर. मध्ये एक नाला, आणि नाल्यापलीकडे खापरखेडी, जिल्हा अकोला. त्या तीन एकरांत आईनं संत्र्याची दोनशे दहा झाडं लावली होती. दोन उन्हाळे डोक्यावर हंडे वाहून जगवली होती. एकेक झाड तिला ओळखीचं. बाबांची शेवटची तीन वर्षांची नेमणूकही त्याच भागात झाली आणि आम्ही शेतातल्या दोन खोल्यांत राहायला आलो. ३१ मे २०२० ला बाबा निवृत्त होणार होते. त्यानंतर ती झाडं आणि ती दोघं, असं ठरलेलं होतं.

आणि त्याच मे महिन्यात टोळ आले.

कोरोनाची टाळेबंदी होती. माझं कॉलेज बंद, मी घरीच. जिल्हाबंदी होतीच, पण तेवढ्यानं समाधान न होऊन बोरझरी आणि खापरखेडी, दोन्ही गावांनी नाल्यातल्या वाटेवर आपापल्या बाजूनं बाभळीच्या काट्या आडव्या टाकल्या होत्या. वरुड-मोर्शीकडे मोठी धाड आल्याचं कळलं, आणि तिच्यातूनच फुटलेला एक थवा दुपारी आमच्या शिवारात उतरला. गावानं काय करावं? नुकत्याच थाळ्या वाजवून झाल्या होत्या, सवय ताजी होती. बाया-माणसं थाळ्या, पिंप, डबे घेऊन धावली. तासाभरात थवा उठला आणि नाला ओलांडून गेला. लोकांनी टाळ्या पिटल्या. “गेली अकोल्यात! आता त्याहीचं ते पाहतीन!” मीही हसले, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी खापरखेडीनं थाळ्या वाजवल्या. थवा आमच्याकडे. आम्ही वाजवल्या, थवा त्यांच्याकडे. अशा तीन फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीत बसेल तिथली पानं खाऊन जात होता. बाबांनी दोन्हीकडच्या कार्यालयांना फोन लावले. तालुक्याच्या यंत्रणा मोठ्या थव्यामागे मोर्शीकडे गेलेल्या. पलीकडच्या एका कार्यालयातून उत्तर आलं की थवा सध्या आपल्या हद्दीत नाही. इकडच्यानंही दुसऱ्या दिवशी तेच सांगितलं. आणि ज्या त्या वेळी ते खरंही होतं.

मग बाबांनी सीमेवर बैठक लावली. हसू नका, मी तेव्हा हसले होते. नाल्याच्या या काठावर बोरझरीचे वीसेक जण, त्या काठावर खापरखेडीचे, सगळ्यांच्या तोंडाला दुपट्टे, आणि मधे कोरड्या नाल्यात, रेतीवर, माझे बाबा एकटे उभे.

पलीकडून गजेंद्र बोलायला लागला. त्याची बाग आईच्या बागेच्या बरोबर समोर, नाल्यापलीकडे. “साहेब, तुमच्या लोकाईनंच हाकलून देल्ली आमच्याकडं. काहून देल्ली?”

आमच्या बाजूनं सरपंच महादेवराव ओरडले, “आमच्याइथं बसलीच नाई तं हाकलू कोणाले?”

बाबा आमच्याकडे न पाहता म्हणाले, “बसली होती. चौदा वावरात बसली होती. आमीच हाकलली.”

बोरझरीकर एवढे भडकले की एकानं विचारलंच, “साहेब, तुमी आपले हा का त्याहीचे?”

 डायरी काढून बाबांनी चौदा शेतांची नावं वाचली. मग गजेंद्रकडे पाहून म्हणाले, “आता तुमचे सांगा.” गजेंद्रनं मागच्या लोकांकडे पाहिलं. मग गजेंद्रनं बोटावर मोजत अकरा सांगितली. मला वाटतं, सगळं तिथे ठरलं, त्या अकरा नावांपाशी.

पुढचं बाबांनी समजावून सांगितलं. टोळ दिवसा उडतो, संध्याकाळी बसला की सकाळी ऊन चढेपर्यंत हलत नाही. त्याला मारायचा तर तेवढाच वेळ. पण त्यासाठी कोणीतरी त्याला रात्रभर आपल्या शेतात बसू द्यावा लागतो. म्हणून दिवस कलल्यावर थाळी कोणीच वाजवायची नाही. जिथे बसेल तिथून पलीकडच्या गावाला खरा फोन जायचा. पहाटे दोन्ही गावांचे फवारणी पंप त्या शेतात यायचे. आणि ज्याची झाडं जातील त्याच्याकडे छाटणीला, खतपाण्याला दोन्ही गावांनी घरटी एक माणूस द्यायचा.

“अन् तुमच्याच वावरात बसली तं?” गजेंद्रनं विचारलं.

बाबा म्हणाले, “तं थाळी आमच्याइथंबी हाये. तिचा आवाज नाई येणार तुमाले.”

घरी आल्यावर त्यांनी हे आईला सांगितलं. आई भाकरी थापत होती. ती थांबली. “माह्या झाडाईचा शब्द तुमी कोणाले इचारून देल्ला?”  बाबांचं चुकलंच होतं, आणि त्यांना ते कळत होतं. आई त्यानंतर रात्रीही बोलली नाही आणि दुसऱ्या दिवशी दुपारीही नाही. ताट मात्र वेळेवर वाढलं. देशांच्या वतीनं सह्या करून येणाऱ्या माणसांना घरी गेल्यावर काय ऐकावं लागतं, हे आमच्या पुस्तकात दिलेलं नाही.

पहिल्या रात्री थवा दोन्ही गावांत कुठेच बसला नाही. दुसऱ्या संध्याकाळी मात्र तो खापरखेडीवरून आला, नाल्यावर थोडा फिरला आणि आईच्या बागेत बसला.

मी तो आवाज विसरू शकत नाही. हजारो तोंडं एकाच वेळी पान कुरतडत होती. नाल्याकडची पहिली ओळ तपकिरी झाली, मग दुसरी. फांद्या वजनानं वाकत होत्या. आई ओट्यावर उभी होती, पदर तोंडाशी धरून. बाबा तिच्यापाशी गेले. मला त्यांचे शब्द ऐकू आले. “मनकर्णा, शब्द मी देल्ला, झाडं तुही हायेत. तू वाजवशीन तं मी अडवणार नाई.”

 माझ्यानं राहवेना. आंतरराष्ट्रीय सहकार्य शिकवणारी मी, स्वयंपाकघरातून पितळेची थाळी आणि उलथनं घेऊन धावले. खरंच सांगते, त्या क्षणी मला खापरखेडीचं काहीही पडलं नव्हतं. जाऊ दे तिकडे, खाऊ दे गजेंद्रची झाडं. हात उचललाच होता, तो आईनं मनगट धरलं आणि थाळी काढून घेतली.

“आई, खाऊन राहिले ते! दिसत नाही का?”

“मले दिसते,” ती म्हणाली. “आता उठवली तं नाल्याच्या पलीकडं जाईन. अन् मंग गजेंद्रले फोन कोण करीन? तुहे बाबा. काय सांगतीन ते, का माह्याच घरून उठवली?” तिनं बाबांकडे पाहिलं. “त्याहीले खोटं सांगता येत नाई. या वयात शिकवू का आता?”

ती थाळी पोटाशी धरून तिथेच, पायरीवर बसली. बाबा तिच्या शेजारी बसले. त्यांनी फोन लावला. “गजेंद्र, बसली. माह्याच घरच्या बागेत. नाल्याकडून चार ओळी.” पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही. फोन लगेच बंद झाला.

मग उरला एकच प्रश्न: ते येतील का? कागदावर सही नव्हती, जिल्हाबंदी मोडून येणाऱ्याला पोलिसांची भीती होती, आणि थवा आता त्यांच्याकडे नव्हता. त्यांनी गप्प झोपून राहणं सगळ्यात सोपं होतं. मी असते तर झोपले असते.

पहाटे बोरझरीचे चार ट्रॅक्टर आले. महादेवराव कुरकुरत आले, पण आले. बाबा नाल्याकडे तोंड करून उभे. पलीकडे काळोख. पूर्वेला उजळायला लागलं तरी काळोखच. महादेवराव म्हणाले, “पाह्यलं का साहेब? मी म्हणलंच होतं.” बाबा नाल्याकडेच पाहत राहिले. आईनं मात्र पहिल्यांदाच, दीड दिवसानंतर, त्यांच्याशी तोंड उघडलं. म्हणाली, “येतीन ते. काट्या काढाले वेळ लागते.”

आणि खरंच तसंच होतं. बाभळीच्या काट्या ओढण्याचा आवाज आला. मग नाल्यातून दिवे वर चढले, एकामागे एक, सात. पुढच्या ट्रॅक्टरवर गजेंद्र, दोन्ही हातांना काटे लागून रक्त आलेलं. कोणी कोणाला रामराम केला नाही, वेळच नव्हता. अकरा ट्रॅक्टर आणि पाठीवर पंप घेतलेली तीसेक माणसं त्या चार ओळींभोवती पसरली. ऊन चढेपर्यंत जमिनीवर टोळांचा थर पडला होता. उडून गेले ते थोडेच.

साठ-पासष्ट झाडं नुसत्या काड्या झाली होती. बाकीची वाचली. आई त्या काड्यांमधून फिरत होती, एकेकीला हात लावत. मग ती घरात गेली, तिनं हातपाय धुतले आणि कांदेपोहे केले.

गजेंद्र मोटारपंपाच्या पाण्यानं साबण लावून हात कोपरापर्यंत धुऊन धुऱ्यावर, बांधावर, बसला होता. आईनं पोहे वाढले ते त्याच पितळी थाळीत. आता इथे मला एक सांगितलं पाहिजे. नाल्याच्या दोन्ही काठांवर गजेंद्रच्या घराची आणि आईच्या माहेरची शेतं दोन पिढ्या समोरासमोर होती. त्या घरातलं कोणी आजवर आमच्याकडे पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं. का, ते आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. गजेंद्रनं थाळी घेतली, मांडीवर ठेवली आणि खाल्ले. माझ्या ओठांवर चांगलं झणझणीत वाक्य आलं होतं. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी ते पोह्यांबरोबर गिळलं.

बाबांनी त्याला विचारलं, “गजेंद्र, आलास काहून? तुह्याइथं तं नव्हती.”

तो खाता खाता म्हणाला, “आज इथी नाई मारली तं उद्या माह्याइथंच येईन ना जी. तुमच्यासाठी नाई आलो मी.”

बाबा इतके खूश झाले! त्यांना प्रेमाबिमाचं उत्तर नकोच होतं. दिवसभर ते वाक्य घोळवत होते. पण मी आणखी एक गोष्ट पाहिली. छाटणीच्या वेळी खापरखेडीतून ठरल्याप्रमाणे घरटी एक माणूस आला. गजेंद्रच्या घरून दोन आले. तो दुसरा माणूस कोणत्याही बोलण्यात ठरला नव्हता.

३१ मेला बाबा निवृत्त झाले. टाळेबंदीत निरोप समारंभ कसला? आईनं श्रीखंड केलं, मी हार केला, संपलं. दुसऱ्या दिवशी एक तारीख. सकाळी बाबा बागेला चक्कर मारून आले आणि डायरी काढत होते, तेवढ्यात फोन वाजला. गजेंद्र होता. “साहेब, इकडं नाई. तिकडं?”

“इकडंबी नाई,” बाबा म्हणाले आणि फोन ठेवून बराच वेळ हसत बसले. वऱ्हाडात आल्यापासून कोणी न मागता लिहिलेल्या त्या डायरीला पहिल्यांदा कोणीतरी वाचक मिळाला होता. त्यानंतर दर एक आणि सोळाला तो फोन यायचा. टोळ परत आले नाहीत. पण मग त्या फोनवर गुलाबी बोंडअळी आली, नाल्याला आलेला पूर आला, कोणाची हरवलेली म्हैस आली. काट्या पुन्हा पडल्या नाहीत.

माझ्या वर्गात मी इथवर सांगते. युद्ध थांबवलं का ते मला माहीत नाही म्हणून सांगते. पण दोन देश एकमेकांशी बोलत नसतानाही कोणीतरी वाळूत फिरून खरं लिहितं, आणि पलीकडचा त्यावर आपली पेरणी ठरवतो, एवढं मला माहीत आहे. मुलं ते लिहून घेतात. परीक्षेत समान हितच लिहितात, लिहू देत.

पुढचं मी वर्गात सांगत नाही, कारण मला सांगता येत नाही.

तीन वर्षांपूर्वी, जानेवारीत, बाबा गेले. हृदयविकाराचा झटका, अमरावतीला नेईपर्यंतही वेळ मिळाला नाही. गजेंद्र आला, खांदा दिला, सगळं झाल्यावरही दोन दिवस थांबला. आई रडली नाही. ओट्यावर बसून राहायची. बागेत पाऊल टाकत नव्हती. चहा दिला तर घ्यायची, नाही दिला तर मागायची नाही. मला भीती वाटायला लागली होती की ही पण जाते.

एक फेब्रुवारीच्या सकाळी बाबांचा मोबाइल वाजला. तो आम्ही बंद करायलाच विसरलो होतो. मी उठायच्या आत आईनं घेतला. तिला स्पीकर बंद करता येत नाही, म्हणून मला ऐकू आलं.

गजेंद्रनं आईचा आवाज ओळखला. मग म्हणाला, “काकू... इकडं नाई. तिकडं?”

मला वाटलं, आई आता ‘नाही’ म्हणेल. तीन वर्षं टोळ नव्हते, थंडीचे दिवस, कुठून येणार?

“थांब,” ती म्हणाली. “पाहून सांगते.”

तिनं फोन खाटेवर ठेवला, पायात चपला घातल्या आणि बागेत शिरली. नाल्याकडच्या चार ओळी आता पुन्हा पुरुषभर झाल्या होत्या. ती प्रत्येक झाडापाशी थांबत होती, पानं उलटून पाहत होती, दोनशे दहाच्या दोनशे दहा. मी खिडकीत उभी राहून रडत होते. खाटेवर फोन तसाच होता. गजेंद्रनं ठेवला नव्हता. पलीकडून त्याच्या बैलांच्या घंटा ऐकू येत होत्या.

पाऊण तासानं आई परत आली. पदरानं घाम पुसला, फोन उचलला.

“हाये का रे गजेंद्र?”

“हावो काकू.”

“नाई इकडं,” ती म्हणाली. “सारी बाग पाहून आली.”